मेतकुटाच्या बरणीत

बरणीत मेतकूट होतं दोन बोटं.
त्याच्याखाली किल्ली.
मीच ठेवली, मंगळवारी,
बाबा दाढी करत होते तेव्हा.

सोमवारी लक्ष्मीनगरच्या वळणावर
त्यांनी गाडी दुभाजकाला घासली
आणि घरी येऊन म्हणाले,
"दुभाजक पुढे सरकवलाय लेकाच्यांनी."
एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला
"आता पुरे" कसं म्हणायचं
ते मला येत नव्हतं.
बरणीचं झाकण लावता येत होतं.

तीन दिवस शोधली त्यांनी.
सगळ्या पँटींचे खिसे, मिटलेल्या छत्रीचं पोट,
फ्रीजमधला अंड्यांचा कप्पा.
तळजईवर जाऊन नेहमीच्या बाकाखालची पानं
काठीनं उलटून आले.
मीही शोधली त्यांच्यासोबत,
ओणवी होऊन, पलंगाखाली बॅटरी मारत,
आणि एकदा तर खरंच वाटलं, सापडेल.

चौथ्या दिवशी चौकीत अर्ज.
टेलिफोन खात्यातलं ते उभं, ताठ अक्षर.
"स. न. वि. वि.
माझ्या निष्काळजीपणामुळे
सदर वाहनाची किल्ली गहाळ झाली असून..."
कच्चा खर्डा मला तपासायला दिला.
मी एक वेलांटी दुरुस्त केली.
फक्त वेलांटी.

शनिवारी नाना पेठेतून मेहबूब शिकलगार आला.
स्कूटरच्या डिकीत कानस, कटर, कोऱ्या पात्यांचा जुडगा
आणि बनियनमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप.
"आजोबा तलवारींना धार लावायचे," म्हणाला,
"आम्ही चार्जिंग लावतो."
साडेचार हजार.
बाबा म्हणाले, "गाडीला किल्ली करतोयस
का किल्लीला गाडी?"
तो हसला, पाचशे कमी केले.
तो चावी म्हणायचा, बाबा लगेच किल्ली म्हणायचे,
तासभर असंच चाललं.
पार्किंगमध्ये पितळेचा भुगा पडत होता,
वरच्या मजल्यावरचे परचुरे कठड्यावरून सल्ले देत होते.

मग वायर स्टिअरिंगखाली जोडून
शिकलगार थांबला.
"ताई, जुनी चावी घरात कुठं असंल तर आत्ताच द्या.
एकदा हे दाबलं की गाडी तिला ओळखणार नाही.
दार उघडंल.
इंजिन नाही."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते.
दाराचं सुटलेलं रबर
अंगठ्यानं आत बसवत होते, हळूहळू,
सगळीकडून.

"नाहीये," मी म्हटलं.

बोट लागलं. पडद्यावर एक रेघ सरकत गेली
आणि संपली.
पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.
बाबांनी ते थोडा वेळ ऐकलं,
जसं पूर्वी रिसीव्हर कानाला लावून
लाइन आली का बघायचे,
आणि बंद केलं.
कुठे गेले नाहीत.
नवी किल्ली वर आणून
दाराजवळच्या खिळ्याला टांगली,
कॅलेंडरच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी.

रात्री अकरानंतर
मी बरणीत हात घातला.
खाली गेले. दार उघडलं,
बोलल्याप्रमाणे.
सीट पुढे ओढलेली, पाठीला आईची जुनी उशी,
माझे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते.
फिरवली.
समोर लाल दिवा लुकलुकायला लागला,
त्यात किल्लीचंच इवलंसं चित्र.
पुन्हा फिरवली.
गाडीभर मेतकुटाचा वास,
बोटांना, चाकाला, काचेला.

वर गॅलरीतली ट्यूब
दोनदा फडफडून लागली.

"सापडली का गं?"
बाबांनी विचारलं.